पोचलेली माणसं

वाटेची मजा घ्या, मुक्कामाचं एवढं मनाला लावून घेऊ नका, असा उपदेश करणारी माणसं बहुधा मुक्कामाला पोचलेली असतात. घराचे हप्ते फिटलेले, मुलगी परदेशात मार्गी लागलेली, गुडघे अजून कुरकुरायला लागलेले नाहीत, असा एखादा गृहस्थ लग्नात जेवणाच्या रांगेत आपल्या पुढे उभा असतो आणि हातातल्या रिकाम्या थाळीनं वारा घेत म्हणतो, ‘‘अहो, पोचण्यात काय आहे? खरी गंमत वाटेत.’’ पण बासुंदीपाशी पोचल्यावर तो काही गंमत वाढावी म्हणून पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहत नाही. सकाळच्या विरार गाडीच्या दारात एका पायावर लोंबकळणाऱ्या माणसाच्या तोंडून हा विचार मी अजून ऐकलेला नाही. त्याला दादर हवं असतं.

व्हॉट्सॲपवर हाच उपदेश सूर्यास्तासकट येतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो सूर्यास्त रोज सकाळी साडेसहाला होतो.

आणि आता तर मुंबईनं ह्या विचाराची पंचाईतच करून टाकली आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरची तिसरी मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरात पुरती सुरू झाली. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. मी गिरगावात चढतो आणि काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन करत कफ परेडला उतरतो. ज्या अंतराला बसमधून दोन भांडणं, एक डुलकी आणि अर्धा पेपर सहज होत असे, ते आता घाम पुसून होईपर्यंत संपतं. गाडीला खिडक्या आहेत. बाहेर अंधार आहे. त्यामुळे खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. वाटेची मजा घ्यायची तर स्वतःकडे बघत घ्यावी लागते, आणि पन्नाशीनंतर त्या मजेला मर्यादा पडतात.

कफ परेड हे शेवटचं स्थानक. इथे गाडी पूर्ण रिकामी होते. उतरणाऱ्यांचे चेहरे बघावेत. गळ्यात पट्टे, पट्ट्यांना ओळखपत्रं, डोळे फोनमध्ये आणि पाय सरकत्या जिन्यावरसुद्धा चालते. वर आलं की समोर उंच उंच कचेऱ्या, त्यांत विश्वेश्वरय्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या संस्थेचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. आमच्या चाळीतल्या एकाचा मुलगा ‘कफ परेडला’ नोकरीला लागला तेव्हा पेढे वाटले गेले होते. तो तिथे नेमकं काय करतो हे कुणीही विचारलं नाही. कफ परेडला करतो म्हणजे चांगलंच करत असणार. अपवाद माझ्या आजीचा. कफ परेड हे छातीच्या विकारांचं इस्पितळ असावं अशी तिची समजूत होती, आणि पेढा खाऊन तिनं मुलाला तब्येतीला जपायला सांगितलं. प्रत्यक्षात हे नाव सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमधल्या कफ नावाच्या साहेबाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या ट्रस्टनं कुलाब्याच्या पश्चिमेला समुद्रात भराव टाकून रस्ता काढला, त्याला साहेबांचं नाव लागलं.

भराव हा इथला मूळ धंदा. समुद्राला ‘सरक’ म्हणण्याची ह्या शहराची हौस जुनी, आणि पोचण्याआधी पोचल्यासारखं वागण्याची त्याहून जुनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, मुंबईत पैसा मावेना, आणि बॅक बे भरून काढायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्यावरून बोंबील पोहत होते आणि वर लोक श्रीमंत झाले होते. १८६५त युद्ध थांबलं, कापूस गडगडला, शेअर गडगडला. बोंबील आपले होते तिथेच होते.

पुन्हा पन्नासेक वर्षांनी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तोच डाव मांडला. ह्या वेळी आठ ब्लॉक आखले. समुद्राच्या तळचा गाळ ड्रेजरनं उपसायचा आणि भिंतीच्या आत ओतायचा. गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात जायचा. खर्च मात्र कुठेही परत गेला नाही. लोकांनी ह्या कामाला लॉइडसाहेबांचा खुळेपणा असं नाव ठेवलं. वीर नरिमन यांनी त्यातल्या गैरकारभारावर इतकं कडक टीकास्त्र सोडलं, की हार्वी नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. तो नरिमन यांनी जिंकला. आठांपैकी चार ब्लॉक झाले, मधले चार राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांतलाही काही भाग भरला गेला आणि त्या नव्या जमिनीच्या टोकाला नाव दिलं नरिमन पॉइंट. भरावाच्या कारभाराविरुद्ध आयुष्यातला उत्तम काळ खर्चलेल्या माणसाचं नाव भरावालाच द्यायचं, ही विनोदबुद्धी फक्त सरकारकडेच असू शकते.

पण सगळी योजना ठरल्याबरहुकूम पुरी झाली असती, तर नरिमन पॉइंट आणि कफ परेड यांच्यामधली पाण्याची खाच उरलीच नसती. त्या खाचेच्या काठावर मच्छीमार नगर आहे. एका भल्यामोठ्या महत्त्वाकांक्षेला जमलं नाही, म्हणून इथे होड्या लागतात.

कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावर, बधवार पार्कच्या समोर ही वस्ती. बाहेरच्या लोकांना तिचं नाव २००८च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीमुळे कळलं, कारण हल्लेखोर समुद्रातून येऊन उतरले ते इथेच. त्याबद्दल विचारायला येणाऱ्यांना उत्तरं देऊन वस्ती कंटाळली असणार. मी त्यासाठी गेलो नव्हतो. मला मांदेली हवी होती, आणि खरं सांगायचं तर कादंबरीसाठी थोडा समुद्र हवा होता.

कादंबरीचं सांगायला हवं. माझी एक कादंबरी आहे. म्हणजे व्हायची आहे. मुंबईतल्या एका कोळी कुटुंबाच्या तीन पिढ्या, आणि मागे हटत जाणारा समुद्र, असा मोठा पट आहे. अर्पणपत्रिका तयार आहे. मलपृष्ठावर छापायचा फोटो तयार आहे. त्यात मी दूरवर बघतो आहे. ऋणनिर्देशात कुणाचं नाव आधी यावं ह्याबद्दल घरात एकदा बोलाचालीही होऊन गेली. एवढंच नव्हे, शेवटचं प्रकरण लिहून पुरं आहे. त्यात वादळातून वाचलेला नाखवा पहाटेच्या उजेडात होडी बंदराला लावतो. हा नाखवा कोण, तो समुद्रात कशाला गेला होता आणि वादळ आलं हे त्याला आधी कुणी का सांगितलं नाही, एवढे तपशील बाकी आहेत.

मच्छीमार नगरात गेलो तो दिवस अष्टमीचा होता. कफ परेडच्या कचेऱ्यांत अष्टमी-नवमीला काही महत्त्व नाही, पण रस्ता ओलांडला की आहे. होड्या लागून होत्या. माणसं असायला हवीत तशी धावपळीत नव्हती. एका कडेला निळ्या-हिरव्या जाळ्याचा ढीग पसरून एक साठीचा गृहस्थ प्लॅस्टिकच्या लांबट सुईनं फाटलेला भाग सांधत बसला होता. बाजूला फोनवर जुनी गाणी चालू होती. एका पोराला तो अधूनमधून अशा शब्दांनी हाक मारत होता, की ते शब्द माझ्या कादंबरीत घ्यायचे तर अर्पणपत्रिका बदलावी लागेल; ती आईला आहे.

‘‘आज गेला नाहीत, नाखवा?’’

‘‘भांग हाय,’’ तो म्हणाला.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं, भरती-ओहोटीतला फरक वाढतो आणि पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य एकमेकांशी काटकोनात येतात, त्यांची ओढ एकमेकांना पूरक होत नाही आणि पाणी आळसावतं. ते दिवस भांगाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील, जवळा, करंदी जिच्यात मिळते ती डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेली, लांबलचक निमुळती पिशवी. तिचं तोंड प्रवाहाकडे करून ठेवायचं. मासा आणायचं काम पाण्याचं. पाण्यालाच ओढ नसेल तर डोल नुसती लोंबते. म्हणून भांगात जाळी सांधायची, इंजिन उघडायचं, लग्नाची बोलणी करायची, उधारीवरून भांडायचं. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला सरकारी बंदी, आणि परंपरेनं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पुन्हा होडी लोटायची नाही. थोडक्यात, ह्या धंद्यात वर्षातला बराच काळ न निघण्याचा आहे, आणि तो पंचांगात आधीच लिहिलेला आहे. आमच्या कचेरीत न निघण्याला अर्ज करावा लागायचा.

‘‘हे संपायला किती दिवस लागतील?’’ मी जाळ्याकडे बोट दाखवून विचारलं.

नाखव्यानं सुई थांबवली. प्रश्न त्याला कळला नसावा, कारण त्यानं आधी जाळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘‘जालं संपतं कुठं, साहेब? इकडं सांधलं की तिकडं फाटतं.’’ आणि पुन्हा पोराला हाक मारली.

इथे एखादा पोचलेला लेखक त्या वाक्याची चौकट करून भिंतीवर लावेल. मी तसं करणार नाही, कारण पुढची दहा मिनिटं नाखवा डिझेलच्या भावावर, बर्फाच्या भावावर, कमी होत चाललेल्या मासळीवर आणि मोठ्या बोटी किनाऱ्याजवळ येऊन काय करतात ह्यावर बोलत होता. त्यात तत्त्वज्ञान शून्य होतं. त्याला महत्त्वाकांक्षा नव्हती असंही नाही. त्याची होडी दोन सिलिंडरची होती आणि त्याला चार सिलिंडरची घ्यायची होती. वडील गेले तेव्हापासून घ्यायची होती. त्या बोटीचं नाव ठरलं होतं, रंग ठरला होता, पुढे कुठल्या देवीचं चित्र काढायचं ते ठरलं होतं. माझ्या मलपृष्ठाच्या फोटोची मला आठवण झाली आणि तो माणूस एकदम आपलासा वाटला. त्याच्या मुलाला मात्र चारही सिलिंडर नको होती. त्याला समोरच्या टॉवरमध्ये एसीतली नोकरी हवी होती. म्हणजे तिथल्या माणसांची खिडकीतून ज्या पाण्याकडे बघून चार घटका विश्रांती होते, त्या पाण्यातून वर बघून ह्याला त्या खिडकीत जायचं होतं.

फरक एवढाच दिसला, की चार सिलिंडरची बोट अजून आली नाही म्हणून दोन सिलिंडरच्या बोटीचं जाळं नाखवा वाईट सांधत नव्हता. फाटलेला भाग तो आधी कापून नीट चौकोनी करून घेई, मग एकेक घर विणत जाई. प्रत्येक गाठ ओढून बघे. ह्याला आनंद म्हणतात का, ते मी सांगू शकणार नाही. चेहरा बराचसा वैतागलेलाच होता. पण तिथून उठून दुसरीकडे जायची घाई त्याला नव्हती. माझ्या ओळखीच्या माणसांत ही घाई नसलेला माणूस मी फार दिवसांनी पाहत होतो. आम्ही एकदा का दहावी झाली, एकदा का हप्ते फिटले, एकदा का जावई मिळाला, असं करत करत जगलो. ‘एकदा का’चं सगळं झालं आणि मग मधुमेह झाला.

आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे?’ म्हणून विचारत नाहीत. अपशकुन. आजी फार तर ‘कुठवर?’ म्हणायची. आता मुलाखतीला आलेल्या कोवळ्या पोरांना पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ त्या पोरांचं पुढे जे होतं त्याला बाजारातली मंदी कारण आहे असं तज्ज्ञ म्हणतात. मला आजीचं म्हणणं जास्त पटतं.

कुठवर जायचं ह्यावरून आठवलं, मच्छीमार नगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कुलाब्यातच, १९६३-६४ साली ब्रह्मदेशी सागवानाची एक शिडाची बोट बांधली गेली. लांबी ३२ फूट, नाव ‘सुहेली’. ती बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तेव्हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी होता. पुढे १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं एकट्यानं, कुठेही न थांबता जगाला शिडाच्या बोटीतून प्रदक्षिणा घालण्याची शर्यत लावली. नऊजण उतरले. त्यातला एकच शेवटपर्यंत गेला, तो हा आपला कुलाब्याच्या बोटीवरचा. १४ जून १९६८ला इंग्लंडच्या फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला फालमथलाच परत आला. एकट्यानं न थांबता असं करणारा तो जगातला पहिला. बोट सगळ्यांत वेगवान अजिबात नव्हती. पण कुलाब्याच्या सुतारांनी ती वेगासाठी बांधलीच नव्हती, टिकण्यासाठी बांधली होती.

त्या शर्यतीतल्या बाकीच्यांपैकी दोन माणसं मला जास्त छळतात. पहिला फ्रेंच, बर्नार म्वातेसिए. केप हॉर्न त्यानं पार केलं, पुढे बक्षीस हाताशी होतं. तेव्हा ह्या गृहस्थाच्या लक्षात आलं, की आपल्याला इंग्लंडला जायचंच नाही. तिथे गर्दी, कॅमेरे, भाषणं. समुद्रावर बरं चाललं होतं. त्यानं उत्तरेला वळायचं सोडलं, केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीनं निरोप फेकला, की मी शर्यत सोडली, आणि तसाच पुढे अर्ध्याहून अधिक पृथ्वी पुन्हा ओलांडून ताहिती बेटावर जाऊन थांबला. वाटेची मजा घ्या म्हणणाऱ्यांचा हा खरा कुलगुरू. मी ही गोष्ट घरी मोठ्या उत्साहानं सांगितली. बायकोनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतली आणि विचारलं, ‘‘लग्न झालेलं होतं का?’’

‘‘हो.’’

‘‘मग ती काय करत होती तिकडे?’’

वाट बघत होती, हे उत्तर मी दिलं नाही. गवारीच्या शेंगा त्या वेळी जरा जोरात मोडल्या जात होत्या.

दुसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही. धंदा बुडत चाललेला, बोट अपुरी तयार, घर गहाण. निघणं भाग होतं आणि पुढे जाणं अशक्य होतं. तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून जगभरची खोटी ठिकाणं कळवत राहिला. इकडे वर्तमानपत्रांत त्याच्या वेगाचं कौतुक. त्यासाठी त्यानं न केलेल्या प्रवासाचे आकडे तासन् तास बसून रचले; जाणकार म्हणतात, खरे आकडे मांडण्यापेक्षा हे काम अवघड. १९६९च्या जुलैत त्याची बोट रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टननं आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. त्या सगळ्या शर्यतीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही, आणि ती शर्यत संपल्यावर घडली.

क्रोहर्स्टबद्दल पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण काढून पुन्हा वाचलं. वादळातून परत आलेला नाखवा, ज्याच्यापाशी वादळच नव्हतं. प्रकरण फाइलमध्ये परत ठेवलं आणि फाइल माळ्यावर.

आपल्याकडे ही प्रदक्षिणा व्हावी असं डोक्यात घेतलं ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. नौदलातून निवृत्त होऊन हे फलटणजवळ विंचुर्णीला राहत होते. विंचुर्णीहून समुद्र दिसत नाही; मध्ये सह्याद्री आहे. तरी भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं जग फिरून यावं, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. २००६ साली कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. बोट होती का? नव्हती. बांधायची कुणी? गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधायचा कारखाना होता, पण असलं प्रकरण त्यांनीही आधी बांधलेलं नव्हतं. नकाशा हॉलंडचा, बांधणी इथली, नाव गोव्याच्या नदीचं, ‘म्हादेई’. लांबी ५६ फूट. २००९च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली आणि १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅनली, आफ्रिकेत केपटाउन असे चार मुक्काम करून २०१०च्या मे महिन्यात परत मुंबईला. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. प्रवास नऊ महिन्यांचा आणि त्याआधीची तयारी तीन वर्षांची. आवटींचं थांबणं धरलं तर किती, त्याचा हिशेब विंचुर्णीलाच माहीत.

मला ह्यात सगळ्यांत आवडतो तो प्रदक्षिणेचा नियम. जिथून निघालात तिथेच परत यायचं. विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, सुएझ किंवा पनामाच्या कालव्यातून लबाडीनं मध्येच घुसायचं नाही, आणि अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरलं पाहिजे. मुंबईहून मुंबई. नुसतं पोचायचंच असेल तर दोंदे निघाले त्या क्षणीच पोचलेले होते. ह्या खेळात फक्त वाट मोजतात. आमच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळावी म्हणून दादरहून उलटे चर्चगेटला जाऊन त्याच गाडीनं बोरिवलीला निघणारे लोक असतात. तेही निघाल्या ठिकाणी परत येतात, पण टीसी त्यांना दंड करतो. दोंद्यांचं स्वागत झालं.

आणि पोचणं म्हणजे तरी नक्की काय? त्यानंतर अभिलाष टॉमी ह्याच ‘म्हादेई’तून न थांबता गेले. १ नोव्हेंबर २०१२ला निघून ३१ मार्च २०१३ला त्यांनी मुंबईसमोरची रेषा ओलांडली. पाच महिन्यांत कुठेही पाय जमिनीला लावलेला नाही. परंतु राष्ट्रपतींच्या हस्ते स्वागताचा समारंभ होता ६ एप्रिलला, गेटवे ऑफ इंडियावर. म्हणजे माणूस मार्चमध्ये पोचला आणि एप्रिलमध्ये पोचल्याचं जाहीर झालं. मुंबईत राहणाऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. आपल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत आपण त्या घरात निम्मं आयुष्य काढलेलं असतं.

हे सगळं मी नाखव्याला सांगितलं. सुहेली, दोंदे, केप हॉर्नच्या लाटा. त्यानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘‘एकटा? मंग जालं कोण वढायचं?’’

‘‘मासेमारीला नव्हते गेले ते.’’

‘‘मंग कशाला?’’

ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. शेजारच्या टोपलीवर बसलेल्या मावशींनी मध्येच तोंड घातलं, ‘‘साहेबांचा पोरगा हाय काय नेवीमधी?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी मांदेलीचा भाव सांगितला. मी तो पाडून मागितला, त्यांनी माझ्या शर्टाकडे बघून आणखी वीस रुपये वाढवले, आणि आमचं जमलं. तेवढ्यात नाखव्यानं सुई माझ्या हातात दिली. गाठ मारून बघा, म्हणाला. मी जीव तोडून एक घर विणलं. त्यानं ते दोन बोटांत धरून पाहिलं, काही न बोलता सोडवलं, स्वतः घातलं आणि म्हणाला, ‘‘बसा. च्या येतोय.’’ च्या यायला पाऊण तास लागला. मी बसलो.

माळ्यावरची फाइल मी अजून खाली काढलेली नाही. नवी वही घेतली आहे आणि पहिलं प्रकरण सुरू केलं आहे. नाखवा जाळं सांधतो आहे. फाटलेला भाग त्यानं चौकोनी कापून घेतला आहे. पोराला एक हाक मारून झाली आहे. अर्पणपत्रिकेचं पुढे बघू. मावशींचं आणि एका गिऱ्हाइकाचं मांदेलीवरून बोलणं आलं आहे, त्यात गिऱ्हाईक हरतं. तीस पानं झाली. परवा बायकोनं ती वही उचलली आणि जेवण तापत ठेवून उभ्या उभ्या वाचून काढली.

‘‘होडी कधी निघणार?’’ तिनं विचारलं.

‘‘आत्ता कशी निघेल? भांग आहे.’’

‘‘ते दिसतंच आहे,’’ ती म्हणाली.